आकडे फार पसरलेत

सोमवार, ४ मार्च

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजखाली निळ्या खुणा उमटतात आणि गोष्ट तिथेच संपते. म्हणून हे पत्र. कागदावर निळ्या खुणा येत नाहीत, तेव्हा तू मन लावून वाचलंस असं मी खुशाल समजू शकते.

तुझ्या प्रोग्रामने आपला काँक्रीटचा प्लँट बंद पाडायला घेतलाय.

तू घर सोडलंस त्याला सहा वर्षं होतील. तेव्हापासून दर महिन्याला मी काँक्रीटच्या नमुन्याचे ठोकळे, आपले क्यूब, फोडून आलेले आकडे त्याच्या तोंडात भरवते आणि तो मला सांगतो की गिऱ्हाइकाला तीस ताकदीचं काँक्रीट हवं असेल तर आपली सरासरी किती यायला हवी. इतकी वर्षं छत्तीस, साडेछत्तीस म्हणायचा. आपले क्यूब सदतीस-अडतीसला फुटायचे. सगळं सुरळीत. या महिन्यात काय बिनसलं देव जाणे! पडद्यावर लाल अक्षरं आली: 'आकडे फार पसरलेत. सरासरी ३९.४ हवी. तुमची ३६.३ आहे. असं चालणार नाही.'

असं चालणार नाही! हे वाक्य तूच लिहून ठेवलंयस ना त्याच्यात? माणूस निघून गेला, पण टोमणे मारायला यंत्र ठेवून गेला.

मी तीनदा आकडे भरले. एकेक तपासला. प्रोग्राम बंद करून चालू केला. उत्तर तेच. शेवटी कॅल्क्युलेटर घेऊन हाताने केलं, तरी तेच.

काँक्रीट कुठे जातंय तेही सांगते. गावाबाहेर नवं प्रसूतिगृह बांधतायत, चार मजली. खालच्या मजल्याचे खांब झाले, आता वरचं काम चाललंय. तिथल्या साइट इंजिनिअरचं नाव आम्ही 'घाई' ठेवलंय, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्द नाही. त्याला मी म्हटलं, दोन दिवस थांबा, आकड्यांत काहीतरी गोम आहे. तर म्हणतो, "मॅडम, बायका बाळंत व्हायच्या थांबत नाहीत."

आईने विचारलं, त्यांनी तीस मागितलंय तर तीस द्या, एकोणचाळीसचा हट्ट कशाला? मी म्हटलं, आई, आठची बस गाठायचीय असं समज. ज्याचं आवरणं रोज वेळेत होतं तो पावणेआठला निघाला तरी चालतं. ज्याचा काही नेम नाही त्याने सातलाच निघावं. आकडे जितके पसरट, तितकी सरासरी वर धरायची, म्हणजे एखादा दिवस वाईट गेला तरी तीसच्या खाली जायला नको. आई म्हणाली, "म्हणजे तुझ्या दादासारखं. त्याला तर आदल्या रात्रीच निघायला लागेल." मला हसू आलं, पण ती हसली नाही.

तर एकच विचारते. प्रोग्राम चुकतोय का? हो किंवा नाही. एवढं तरी लिही.

छोटी

गुरुवार, १४ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिठ्ठी. 'प्रोग्राम बरोबर आहे. आकडे बघ.' पाच शब्द! पाकिटावर पत्ता तरी यापेक्षा मोठा होता.

आकडे बघ म्हणे. मी दुसरं काय करतेय? सांगते, ऐक. क्यूब फोडायचं मशीन तपासून घेतलं, बाहेरून माणूस बोलावून. ठणठणीत आहे. ज्या टाकीत क्यूब पाण्यात ठेवतो तिचं पाणी तपासलं. सिमेंट एकाच कारखान्याचं. वाळू दोन ठिकाणची येते म्हणून आकडे वाळूप्रमाणे वेगळे केले, दोन्हीकडे सारखाच पसारा. साचे बदलले. मला वाटायला लागलं, मलाच बदलून घ्यावं आता.

बाबांना दाखवायला गेले तर त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, "वाचून दाखव." मी सदतीसच्या सदतीस आकडे वाचले. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "ते खालचे चार काढून टाक. क्यूब भरताना पोरांनी हलगर्जीपणा केला असेल. क्यूब वाईट म्हणजे काँक्रीट वाईट असं नसतं."

"बाबा, असंच काढता येत नाही. क्यूबमध्ये दोष दिसला तरच काढायचा. मी बघितलेत, क्यूब चांगले होते."

"चाळीस वर्षं काँक्रीट ओततोय मी. मिक्सरचा आवाज ऐकून सांगतो आत काय आहे ते. तुझ्या त्या डब्याला कान आहेत का?"

मग पुढचं नेहमीचं. तुझा विषय, तुझं नाव न घेता. 'एक शहाणा होऊन गेला, आता दुसरी.' तू सगळ्या कामगारांसमोर, यंत्राला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, असं म्हणाला होतास, ते बाबा अजून पाठ म्हणून दाखवतात. तुझ्या आवाजात. नक्कल बरी करतात, खरं सांगायचं तर.

आणि दादा, मी ते चार आकडे काढून बघितले. फक्त बघायला. तुझा हा दीडशहाणा प्रोग्राम, जो एका चुकलेल्या स्वल्पविरामावरून माझ्या अंगावर ओरडतो, त्याने ब्रसुद्धा काढला नाही. 'सरासरी ३७.१ हवी. तुमची ३७.६ आहे. ठीक आहे, पुढे चला.' हिरव्या अक्षरांत!

चार आकडे कुठे गेले, हे विचारायची अक्कल नाही त्याला? म्हणजे जो खरं सांगेल त्याला लाल आणि जो लपवेल त्याला हिरवं? बाबा शेजारीच होते. "काय म्हणतो?" मी म्हटलं, पास. ते उठलेच. जाता जाता, "बघ, सांगितलं होतं."

मी तो कागद छापला नाही. ते चार आकडे परत घातले, परत लाल झालं, आणि घाईसाहेबाला फोन करून सांगितलं की उद्यापासून गाड्या पाठवत नाही. त्याने जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर सांगणार होते, पण ते आज खुशीत होते. आईकडून पेपर वाचून घेत बसले होते. हल्ली रोज घेतात. म्हणे आईला जगाच्या बातम्या कळायला हव्यात.

मला पाच शब्दांपेक्षा जास्त पाठव. भीक मागत नाहीये. रागावून सांगतेय.

छोटी

रविवार, २४ मार्च

दादा,

या वेळी पानभर लिहिलंस. उपकार झाले. 'दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या की आकडे पसरतात. कशाने वेगळ्या आहेत ते शोध. वाळू नसेल तर गाडी बघ, गाडी नसेल तर वेळ बघ.' वेळेप्रमाणे वाटण्या करायची सोय प्रोग्राममध्ये आहे हे सहा वर्षांत पहिल्यांदा कळवलंस. सांगितलं असतंस तर जीभ झडली असती का?

केल्या वाटण्या. आणि आता मला वाटतंय नसत्या केल्या तर बरं झालं असतं.

सात आकडे सकाळच्या पहिल्या गाड्यांचे आहेत. सातही खाली. त्यांची सरासरी सत्तावीस. बाकीचे तीस आकडे एकट्याने चालवले तर सरासरी साडेअडतीस आणि पसारा इतका कमी की तुझा प्रोग्राम म्हणतो पस्तीस-साडेपस्तीस आलं तरी पुरे. म्हणजे दिवसभर आपण उत्तम काँक्रीट करतो आणि सकाळी पहिल्या गाडीत माती कालवतो.

सकाळी पहिली गाडी कोण भरतं ते तुला माहीत आहे. 'शुभारंभ मालकाच्या हाताने' म्हणून बाबा स्वतः मिक्सरच्या पॅनलवर बसतात. तू होतास तेव्हाही बसायचे.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी जाऊन केबिनच्या मागच्या दाराशी उभी राहिले. दुसऱ्या गिऱ्हाइकांची कामं चालू आहेत, प्रसूतिगृहाच्या गाड्या तेवढ्या बंद केल्यात. बाबा आले. पायरी चढताना पायाने चाचपली. रोज चढतात ती पायरी. खुर्चीत बसले आणि पाण्याच्या मीटरवर इतके वाकले की नाक काचेला लागलं. मान तिरकी केली, एका कडेने बघितलं, मग दुसऱ्या. मग सोडून दिलं, डोळे मिटले आणि मिक्सरचा आवाज ऐकत पाणी सोडायला लागले. सोडतायत, सोडतायत. मीटरचा काटा कधीच पुढे गेला होता, आणि पाणी जितकं जास्त तितकं काँक्रीट कच्चं.

पॅनलवाले काका बाजूला उभे होते. त्यांना दिसत होतं. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

बाबा म्हणाले, "ऐकलंस? आता लागला सूर. जाऊ दे गाडी."

मी आत गेले आणि गाडी थांबवली. "बाबा, मीटरवर किती आहे?"

"तू कधी आलीस?"

"किती आहे ते सांगा."

"एकशे साठ लिटर."

"एकशे नव्वद आहे, बाबा."

त्यांनी पुन्हा वाकून बघितलं. फार वेळ. दादा, मला त्यांची ती वाकलेली मान बघवेना. मग म्हणाले, "काच मळलीय." मी ओढणीने काच पुसली. ती स्वच्छच होती. पुन्हा वाकले. मग सरळ झाले आणि काकांना म्हणाले, "तू बाहेर जा." काका गेले. मला वाटलं आता माझ्यावर ओरडणार. नाही ओरडले. म्हणाले, "मधोमध काही दिसत नाही. कडेचं दिसतं. तू आत आलीस ते दिसलं. तुझं तोंड दिसत नाही."

किती दिवस, विचारलं. सांगेनात. आईला माहीत आहे का, विचारलं. म्हणाले, "तिला वाटतं मला पेपर वाचायचा कंटाळा आलाय."

मी चिडले रे. तिथेच. काय बोलायचं ते न सुचून भलतंच बोलले. म्हटलं, तिथे बायका बाळंत होणार आहेत, बाबा! खांबावर चार मजले उभे राहणार आहेत! ते म्हणाले, "मला माहीत आहे काय उभं राहणार ते. ओरडू नकोस, बाहेर माणसं आहेत."

काकांना नंतर विचारलं, तुम्ही का नाही बोललात? म्हणाले, "ताई, साहेबांना कोण सांगणार? ज्याने सांगितलं तो सहा वर्षांपूर्वी गेला."

आता मुद्दा असा. क्यूब अठ्ठावीस दिवसांनी फुटतात. जे आज कमी भरले ते महिन्यापूर्वीचं काँक्रीट. त्यानंतरच्या सकाळच्या गाड्यांचे क्यूब अजून पाण्यात आहेत, त्यांचं तोंड उघडायचंय. आणि सगळं काँक्रीट मात्र जाऊन उभं राहिलंय.

तू ये. प्रोग्रामच्या कामाला नाही. असाच ये.

छोटी

मंगळवार, २ एप्रिल

दादा,

मी तुला बाबांचे डोळे कळवले आणि तू मला नवं व्हर्जन पाठवलंस!

पत्राऐवजी एक फाइल. 'आता कुठलाही आकडा काढताना कारण विचारेल.' लावून बघितलं. विचारतो खरा. छान केलंयस. फार छान. पण वडिलांबद्दल एक ओळ? एक शब्द? तुला आकडा काढल्याचं कारण हवंय, आणि घरातला अख्खा माणूस काढून टाकलायस त्याचं कारण कोणी विचारायचं?

जाऊ दे. तुझ्यावर शाई वाया घालवण्यापेक्षा काय झालं ते लिहिते.

डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांतला पडदा खराब झालाय, मधला भाग. वयाने होतं म्हणाले. गेलं ते परत येत नाही, इंजेक्शनं दिली तर उरलेलं कदाचित टिकेल. घरी आल्यावर आईने पेपर त्यांच्या मांडीवर आपटला आणि म्हणाली, "कंटाळा आला होता काय!" आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच.

घाईसाहेबाला सांगायचं होतं. मी म्हटलं, मी लिहून पाठवते, सगळे आकडे जोडून. बाबा म्हणाले, "मला साइटवर ने." मी नको म्हटलं. आईने नको म्हटलं. पण बाबांचं तुला माहीत आहे, बैल बसला की बसला.

नेलं. घाईसाहेब डोक्यावर टोपी, हातात फोन, तोंडाने घाई. बाबा त्याला म्हणाले, "दोन मिनिटं फोन खिशात ठेवा. खालच्या मजल्यावर सकाळी भरलेले जे खांब आहेत त्यांत माझ्या हाताने पाणी जास्त पडलंय. मला मीटर दिसत नव्हता. मुलीने पकडलं." झालं, एवढंच. माझ्याकडे तीन पानं तयार होती, ती पिशवीतच राहिली.

घाईसाहेबाने फोन खरंच खिशात ठेवला. मग अर्थातच बोलला, आणि खूप बोलला. बाबा ऐकत उभे राहिले, कुठे बसायला नकार दिला. मला मध्ये पडू दिलं नाही. "बोलू दे. त्याचं चुकत नाही," म्हणाले.

आता खांबांतून नळीसारखे तुकडे कापून काढतायत, तेही फोडून बघायचे. निकाल आला की कळवते. म्हणजे, कळवायचं की नाही ते ठरवते.

छोटी

शुक्रवार, १९ एप्रिल

दादा,

निकाल आला. बहुतेक खांब काठावर का होईना, निभावले. दोन नाही. ते दोन पाडायचे, वरच्या तुळयांना टेकू देऊन. आजच सकाळी पाडले. खर्च आपला, बदनामीही आपली. दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांनी गाड्या थांबवल्या. घाईसाहेबाने मात्र परत सुरू करायला सांगितल्या. म्हणाला, "आता तुमचे आकडे मीसुद्धा रोज बघणार." बघू दे. निदान कोणीतरी बघेल.

बाबा पाडताना तिथे होते. मी म्हटलं, कशाला बघायचं? म्हणाले, "मला कुठे दिसतंय? ऐकायला आलोय." हातोडा बसला तेव्हा त्यांनी मान हलवली. "आवाज बोदा आहे, ठणठणीत नाही," म्हणाले. दुसऱ्या, चांगल्या खांबाशी गेले, काकांकडून हातोडी मागून त्यावर हलकेच वाजवली. मग पुन्हा पडलेल्या तुकड्यावर. "फरक कळतो अजून," म्हणाले, आणि हातोडी काकांना परत दिली.

पॅनलवर आता काका बसतात. बाबा प्लँटवर येतात, पण माझ्या खोलीत बसतात. मी आकडे वाचते, ते ऐकतात. काल एकोणतीस वाचला तर लगेच म्हणाले, "थांब. तो कुठल्या वेळेचा?" तुझ्या प्रोग्रामच्या आधी विचारलं.

संध्याकाळी म्हणाले, "कागद घे. त्याला लिहायचंय." पुढचं सगळं त्यांचं. मी फक्त हात आहे. मध्ये बोलायचं नाही अशी तंबी मिळालीय.

'तुझी बहीण सांगते की तू प्रोग्राम दुरुस्त करून पाठवलास. बरं केलंस. त्यात आणखी एक सोय घाल. आकडे मोठ्याने वाचून दाखवायची. हिला दुसरी कामं असतात.

तू त्या दिवशी जे बोललास ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतंस. आजही माझं तेच मत आहे. यंत्राला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मी मान्य करणार नाही. पण त्याने माझे डोळे पकडले, घरच्यांच्या आधी पकडले. तुझ्या हातून चांगली वस्तू झाली. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं का, तर हवं होतं. (हे लिहिलंस? वाच बघू. हं.)

तुला कामं असतील. मुद्दाम येऊ नकोस. इकडे सगळं ठीक आहे. तुझी आई ठीक आहे, माझ्याशी बोलत नाही, पण ठीक आहे.

आलास तर उशिरा येऊ नकोस. मान वळवून, कडेने बघितलं तर चेहरे अजून ओळखू येतात. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. मी इंजेक्शनं वेळेवर घेतो.'

दादा, पुढचं मी लिहितेय. सही त्यांनी स्वतः केलीय, मी जागा दाखवली होती तिथे नाही, शेवटच्या दोन ओळींवरून आडवी. मी म्हटलं, बाबा, थांबा, नवीन कागदावर नीट उतरवून काढते. तर म्हणाले, "नको. तेवढ्यात माझं मन बदलायचं."

म्हणून आता पाकीट बंद करते आणि चपला घालून निघते. टपालाची पेटी उघडायच्या आत टाकते.

छोटी